भांडी बँकेच्या मावशींना, सप्ताहाच्या गावाकडून

मावशी, सप्रेम नमस्कार.

काल्याचं कीर्तन होऊन आठ दिवस झाले, तरी देवळामागचा ओढा स्वच्छ आहे. दरवर्षी या दिवसांत तिथं पत्रावळ्यांचा खच असायचा आणि आमटीच्या वासानं गुरं त्यात तोंड घालायची. यंदा सहाशे पानं उठली आणि ओढ्यात एक द्रोणसुद्धा गेला नाही. हे तुमच्या गटाच्या भांडी बँकेनं भाड्यानं दिलेल्या ताट-वाट्यांमुळं आणि तुमच्यामुळं झालं.

थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, 2022 च्या जुलैपासून देशभर आहे. तरी पंगत त्यातच बसत होती. मोठमोठी माणसं येऊन गेली. 'प्लास्टिकमुक्त गाव' असा फलक लावला, कापडी पिशव्या वाटल्या, फोटो काढले. उष्टी ताटं कोण धुणार, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. त्याचा राग अजून मनात आहे, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. वर आमचा माण तालुका दुष्काळी, धुवायला पाणी कुठलं, हा प्रश्न होताच.

पाण्याचं उत्तर तुम्ही चार टोपांत दिलंत. प्रत्येकात 40 लिटर. पहिल्यात कढत पाणी आणि चाळलेली राख, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साधं पाणी, चौथ्यात पुन्हा कढत. पहिलं पाणी गार असलं तर डालडा ताटाला थिजतो आणि पुढं कितीही साबण घाला, ओशटपणा जात नाही. आमच्या पोरांनी पहिल्या पंगतीला नेमकं हेच केलं होतं. पहिले दोन टोप दर पंगतीला बदलायचे, पुढचे दोन दर दोन पंगतींनी. शंभराच्या सहा पंगतींना मिळून 720 लिटर पाणी लागलं, म्हणजे माणशी सव्वा लिटरही नाही. ताट, दोन वाट्या, पेला, चमचा असे 250 संच पुरले. एक पंगत जेवते तोवर आधीची भांडी धुऊन बाजेवर पालथी पडतात, 50 संच हाताशी राहतात. ओल्या ताटांची चळत लावली की कुबट वास धरतो, हेही तुम्हीच सांगितलंत. खरकट्याच्या बादलीवर मोठ्या भोकांची चाळण ठेवली, म्हणून चमचे खतखड्ड्यात गेले नाहीत.

शाळेतल्या मुलांसमोर चहाचा कागदी कप गरम पाण्यात भिजत घालून आतला प्लास्टिकचा पापुद्रा नखानं सोलून दाखवलात, त्याचेही आभार. मुलांनी तो पापुद्रा घरोघरी नेऊन दाखवला.

पण लक्षात राहिलंय ते वेगळंच. पहिली पंगत उठली आणि माणसं ताट हातात धरून घुटमळली. आपलं उष्टं दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं? कुणी ताट भिंतीकडेला सरकवू लागलं. तेव्हा तुम्ही टोपापाशी उभ्या राहिलात, दोन्ही हात पुढं केलेत आणि म्हणालात, "द्या इकडं." प्रसाद घ्यावा तसं एकेक ताट घेतलंत. शंभर ताटं. घाई नाही, कपाळावर आठी नाही. दुसऱ्या पंगतीला गावातल्या दोन सुना पदर खोचून तुमच्या शेजारी आल्या, तिसऱ्या पंगतीला खुद्द विणेकरी. शेवटच्या पंगतीत तर लोक आपलं ताट आपणच झटकून टोपात सोडत होते. कुणी सांगितलं नव्हतं. गावात चांगुलपणा असतो, तो पुढं यायला कुणाचा तरी हात आधी पुढं व्हावा लागतो. तो तुमचा झाला.

गटाचं भाडं तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढंच घेतलंत. हरवलेल्या सात चमच्यांचे पैसे घ्यायला मात्र नाही म्हणालात. ते चालणार नाही. नवे चमचे घेतलेत आणि इतरांत मिसळू नयेत म्हणून तुमच्या गटाचं नाव घालायला कासाराकडे दिलेत. तुमचा एक पळाही आमच्या आचाऱ्याच्या सामानात निघाला, तो घासून ठेवलाय. चैत्रातल्या यात्रेला 400 संच लागतील. पेले थोडे जास्त आणा, उन्हामुळं पाणी दोनदा मागतात. टोप, राख आणि सरपण आमचं. धुवायला बायकांइतकेच पुरुष असतील, नावं लिहून घेतली आहेत.

आपले,
सप्ताह समिती आणि समस्त गावकरी