त्या डागाविषयी

मिरज

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर ‘आई, तुला काय वाटतं?’ असं विचारलंस आणि मी ‘दूध उतू जातंय’ म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. तिकडे जर्मनीत वार्नेम्युंडेच्या किनाऱ्यावर तुझ्या मैत्रिणी कपड्यांशिवाय पोहतात आणि तू मांडीवरचा भाजल्याचा डाग झाकायला लांब पँट घालून छत्रीखाली बसतेस, हे ऐकल्यावर मला काय बोलावं तेच सुचेना. मग तू तो शोधनिबंध पाठवलास. तीन नाइट ड्युट्यांना, वॉर्ड निजल्यावर, मोबाइलवर अर्थ बघत बघत मी तो वाचून काढला.

लंडनच्या गोल्डस्मिथ्समधल्या कीऑन वेस्ट यांचं ते काम. आधी त्यांनी ८४९ ब्रिटिश लोकांना प्रश्न विचारले. जे लोक अशा निर्वस्त्र पोहण्या-वावरण्यात जास्त भाग घेतात, ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. आणि त्यामागे होतं ते स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटणं, स्वतःला कमी न लेखणं. मग त्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रमांना आलेल्या लोकांना, एकदा २४ आणि एकदा १०० जणांना, आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. नंतरची उत्तरं चांगली होती.

इथे माझ्यातली सिस्टर थांबली. अशा कार्यक्रमाला जो आपल्या पायांनी येतो तो आधीच अर्धा तयार असतो. आणि त्याच दिवशी संध्याकाळी विचारलं तर कोणीही बरंच सांगेल, महिन्याने काय? पहिल्या शंकेला उत्तर त्यांच्याच नंतरच्या एका निबंधातल्या प्रयोगात मिळालं. ५१ जण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली, काहींनी एकमेकांत कपड्यांनिशी मिसळायचं, काहींनी कपड्यांशिवाय. कपड्यांशिवाय मिसळलेल्यांना स्वतःचं शरीर जास्त आपलंसं वाटलं, कारण ‘लोक माझ्याकडे कसं बघत असतील’ ही धास्ती उतरली. माणसं थोडी आहेत, म्हणून मी याला औषध म्हणणार नाही. पण खोटंही म्हणणार नाही.

मला रात्रभर जागं ठेवलं ते मात्र पहिल्या निबंधातल्या एका मुद्द्याने. फायदा मुख्यतः आपण इतरांना दिसल्याने झाला नव्हता. इतरांची साधी, जशी असतात तशी शरीरं बघितल्याने झाला होता.

मुक्ता, मी अठ्ठावीस वर्षं सर्जिकल वॉर्डात आहे. स्पंजिंग, ड्रेसिंग, कॅथेटर. किती शरीरं हातांखालून गेली त्याची मोजदाद नाही. सिझरच्या वळ्या पडलेली पोटं, एकच स्तन राहिलेल्या बायका, पाठभर भाजल्याच्या खुणा, सुरकुतलेल्या मांड्या, एका बाजूला कललेले खांदे. बिनडागाचं शरीर मी क्वचितच बघितलं, आणि जे बघितलं ते बहुतेक तान्ह्या बाळाचं. इतकं बघितलेल्या तुझ्या आईने घरी काय केलं? तू चार वर्षांची असताना चहाचं आधण मांडीवर सांडलं. सातवीत तू नगरपालिकेच्या तलावावर पोहायला जायला लागलीस, तेव्हा मी म्हटलं, ‘लोक डाग बघतील, जरा लांब घाल काहीतरी.’ पुढच्या उन्हाळ्यात तू पासच काढला नाहीस. मला वाटलं, अभ्यास वाढला. वॉर्डात जे रोज बघत होते ते तुला एकदाही सांगितलं नाही, आणि स्वतःचं पोटही तुझ्यापासून पदराखाली झाकत राहिले. माफी मागते, बाळा.

तू म्हणालीस, ‘इथे हे जुनंच आहे.’ वाचलं मी. तुझ्या बाल्टिकच्या किनाऱ्यावर पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५४ साली कपड्यांशिवाय पोहण्यावर बंदी घातली, लोकांनी जुमानलं नाही, आणि १९५६ मध्ये नियम करून परवानगी द्यावी लागली. वाचता वाचता आणखी एक सापडलं. १८९१ साली आपल्याच मुंबई इलाख्यात क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज जिल्हा न्यायाधीशाने निर्वस्त्र वावरणाऱ्यांचं एक मंडळ काढलं होतं. सभासद तिघं, तिघेही साहेब. त्याची रत्नागिरीला बदली झाली आणि मंडळ मोडलं. त्या तिघांनी एकमेकांना बघितलं असेल. त्यात बाई एकही नव्हती.

लहानपणी तुला कुंभोजच्या बाहुबलीला नेलं होतं, आठवतं? अठ्ठावीस फुटी मूर्ती, अंगावर धागा नाही, आणि तू फक्त पायांवर चढलेल्या वेली मोजत होतीस. तो वैराग्याचा मार्ग, याची त्याच्याशी बरोबरी मी करत नाही. पण उघड्या शरीराकडे निर्मळपणे बघता येतं, हे तुला तेव्हा येत होतं. मीच नंतर मोडलं.

तर तू विचारलंस, ‘आई, तुला काय वाटतं?’ मला वाटतं, कपडे काढायचे की नाही हा दुसरा प्रश्न आहे. काढलेच पाहिजेत असं त्या संशोधनातही कुठे नाही, आणि मैत्रिणींच्या आग्रहाखातर तर मुळीच नको. तिथे त्यासाठी राखलेला किनारा आहे, फोटो काढणं चालत नाही, कोणी टक लावून बघत नाही, असं तू म्हणतेस; ते खरं असेल तिथेच. इथे आल्यावर गोव्याला असलं काही मनात आणू नकोस, कायदा वेगळा आहे. पण छत्रीखाली पाठ करून बसू नकोस. डोळे वर करून बघ. आजी लोक कशा चालतात, कोणाच्या गुडघ्यावर टाक्यांची रेघ आहे, कोणाचं पोट सुटलंय. मी वॉर्डात जे बघते तेच तिथे उन्हात, हसतखेळत फिरताना दिसेल. दोन-चार रविवार नुसतं बघ. मग वाटलं तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात जा. मग जे वाटेल ते.

मी पण तलावावर बायकांच्या बॅचचा पास काढलाय, सकाळी सातची. अजून पाण्यात हात मारता येत नाहीत, कठड्याला धरून असते. शेजारी दोन बायका असतात, तिघींनाही सिझरचे टाके आहेत, परवा चेंजिंग रूममध्ये कळलं.

जाशील तेव्हा डागावर सनस्क्रीन जाड लाव, दर दोन तासांनी. भाजून आलेली कातडी उन्हाने लवकर काळवंडते.

तुझी,
आई