पहिल्या 200 च्या यादीत समुद्र कुठे आहे?

संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या करिअर पुरवणीत परदेशी शिक्षणावर एक पान आलं होतं, जगातली पहिली 200 विद्यापीठं आणि जायचं तर त्यातच जा असा सल्ला. आईने फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी मालवणची, शिरगावच्या फिशरीज कॉलेजातून पदवी घेतली आणि 2025 च्या फेब्रुवारीपासून ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला जेम्स कुक युनिव्हर्सिटीत मरीन बायोलॉजीत मास्टर्स करतेय. आमची युनिव्हर्सिटी त्या 200 मध्ये नाहीये, जवळपासही नाही, म्हणून हे पत्र.

त्या क्रमवारीत मेडिकल, कायदा, मॅनेजमेंट सगळ्याची मिळून गोळाबेरीज असते. ज्याला समुद्र शिकायचाय त्याला तिचा काय उपयोग? समुद्र शिकवणाऱ्या जागा बऱ्याचदा छोट्या किनारी गावांत असतात. इंग्लंडमधलं प्लिमथ घ्या, 1888 पासून तिथे किनाऱ्यावर लॅब आहे, त्या लॅबमध्ये स्क्विडच्या (माकुलाच्या) जाड मज्जातंतूवर काम करून हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांना 1963 चं नोबेल मिळालं. टाउन्सव्हिलचंही तसंच, गाव काही मोठं नाही पण समोर 2300 किलोमीटर लांबीचा ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे प्रवाळांची रांग, आणि ऑस्ट्रेलिया सरकारची सागरी संशोधन संस्था गाडीने तासाभराच्या आत. आमचे प्रोफेसर वर्गात जे शिकवतात ते कालपरवा पाण्यात बघून आलेले असतात, हे कुठल्या यादीत मोजणार?

2024 मध्ये मी एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज घेऊन गेले होते. टेबलावरच्या माणसाने विद्यापीठाचं नाव वाचलं, यादी बघितली आणि फाइल परत दिली. माझे मार्क, माझा कालवांवरचा प्रोजेक्ट, कशाचंही पान उलटलं नाही. मग बाबा आणि मी पुण्यात एका कन्सल्टंटकडे गेलो तर तो म्हणाला एवढ्याच पैशात डेटा सायन्स कर, टॉप 100 मध्ये बसवून देतो. बाबा तिथे काहीच बोलले नाहीत, एसटीत बसल्यावर म्हणाले की तुला जे करायचंय तेच कर, घर तारण ठेवू. आणि ठेवलं.

पैशाचं स्पष्टच सांगते कारण पुरवणीत त्याच्यावर एक ओळसुद्धा नव्हती. फी वेगळी, त्याशिवाय एका वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च म्हणून 29,710 ऑस्ट्रेलियन डॉलर तुमच्याकडे आहेत हे व्हिसाला दाखवावं लागतं, म्हणजे माझ्या वेळच्या दराने साधारण 16 लाख रुपये. माझ्या वेळी व्हिसाची फी 1600 डॉलर होती, 2025 च्या जुलैपासून ती 2000 झाली आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. टर्म चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं. मी एका बेकरीत पहाटे जाते, त्यात घरभाडं आणि जेवण निघतं, कर्जाचा हप्ता निघत नाही.

अजून एक, मुलांना वाटतं मरीन बायोलॉजी म्हणजे डॉल्फिनबरोबर पोहणं. माझा निम्मा वेळ कॉम्प्युटरवर आकडेवारीत जातो, स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर इथे फार हाल होतात. पाण्यातल्या कामाला हौशी स्कूबाचं कार्ड पुरत नाही, वेगळी मेडिकल तपासणी लागते, आणि नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात म्हणून उकाड्यातही अंगभर सूट घालूनच उतरायचं.

पण नोव्हेंबरची ती रात्र मी कधी विसरणार नाही. घरी त्रिपुरी पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि आम्ही टबात ठेवलेल्या प्रवाळांभोवती लाल टॉर्च लावून बसलो होतो, पांढरा उजेड चालत नाही. आधी तासभर काहीच नाही. मग एकेका तोंडाशी गुलाबी ठिपका, म्हणजे अंडी आणि शुक्राणूंचं गाठोडं, दिसायला लागला, भिजवलेल्या साबुदाण्याएवढा, बघता बघता सगळा प्रवाळ ठिपक्यांनी भरला आणि मग ते सुटले, सुटून वर आले, पाण्यावर गुलाबी साय धरली आणि खोलीभर ओल्या मासळीसारखा वास. एकाच जातीच्या वेगवेगळ्या प्रवाळांची बीजं एकत्र करायची, धुवायची, दोनेक तासांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एका पेशीच्या दोन झालेल्या. रीफवरचे कितीतरी प्रवाळ असे ठरावीक रात्रींनाच एकत्र बीज सोडतात हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जगाला कळलं, आणि ते शोधणाऱ्यांत इथलेच पीएचडीचे विद्यार्थी होते, समोरच्या मॅग्नेटिक आयलंडवर रात्री पाण्यात उतरून त्यांनी ते बघितलं.

आपल्या मालवणलाही प्रवाळ आहेत. 1987 मध्ये तिथे सागरी अभयारण्य झालं, माझे बाबा त्याच पाण्यात होडी घालतात, पर्यटक स्कूबा करून वर येतात आणि किती सुंदर होतं म्हणतात. आपले प्रवाळ कुठल्या रात्री बीज सोडतात हे मी बाबांना विचारलं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या काकांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. इथे 2016, 2017, 2020, 2022, 2024, 2025 असं पाणी तापून तापून रीफ पांढरा पडला तेव्हा किती गेलं आणि किती वाचलं हे सांगता आलं कारण आधीची मोजणी होती. अशी मोजणी करणारी माणसं आपल्याकडेही वर्षानुवर्षं लागणार आहेत आणि ती किनाऱ्यावरच्या घरांतूनच यायला हवीत, त्यांना भरतीओहोटी शिकवावी लागत नाही.

म्हणून दोन मागण्या. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी एकूण क्रमवारीऐवजी विषयाची क्रमवारी धरावी, निदान सागरी विज्ञानासारख्या विषयांना तरी. आणि तुम्ही पुढच्या पुरवणीत विषयवार यादी छापा, त्यात गोव्यातल्या दोना पावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), गोवा युनिव्हर्सिटी, शिरगाव पण घाला, कारण परदेशी जायच्या आधी पाया तिथेच होतो. ती छापायच्या आधी इथल्या कोर्सची माहिती हवी असेल तर मी मराठीत लिहून पाठवते, परीक्षा संपली की लगेच.

आपली,
एक विद्यार्थिनी, टाउन्सव्हिल (मूळ गाव मालवण)