'इटालियन हॅम' म्हणजे नेमके कोणते?

महोदय,

नाताळ जवळ आला की पणजी-मडगावच्या दुकानांत 'इटालियन हॅम' एवढीच पाटी लागते. घोटाळा तिथूनच सुरू होतो. इटलीत हॅमला प्रोश्युत्तो म्हणतात आणि ते दोन तऱ्हेचे असते. प्रोश्युत्तो क्रूदो कच्चे, मीठ लावून कित्येक महिने मुरवत वाळवलेले. प्रोश्युत्तो कोत्तो म्हणजे डुकराची मागची मांडी हाड काढून, मसालेदार मिठाचे पाणी टोचून, साच्यात दाबून वाफेवर शिजवलेली. तिचा गुलाबी रंग पाहून ती कच्ची वाटते, पण तो रंग नायट्राइट या मांस टिकवणाऱ्या क्षारामुळे शिजल्यावरही टिकतो.

इटलीत कोत्तोच्या तीन प्रती कायद्याने ठरलेल्या आहेत: साधे, 'शेल्तो' (निवडक) आणि 'आल्ता क्वालिता' (उच्च प्रतीचे). मुख्य फरक पाण्याचा. पाणी जास्त असलेले हॅम पिझ्झ्यावर घालून भट्टीत सारले की पाणी सुटते, मधला भाग ओलाकच्च राहतो आणि कापांच्या कडा चामड्यासारख्या होतात. त्यापेक्षा पिझ्झा बाहेर काढल्यावर पातळ काप वर पसरावेत. चौघांच्या ३२० ग्रॅम पास्त्याला १०० ग्रॅम हॅम पुरते. मटार लोण्यावर परतून शिजवावेत, क्रीम घालावे आणि हॅमचे तुकडे शेवटच्या मिनिटाला टाकावेत. पास्त्याच्या पाण्यात मीठ हात आखडूनच घालावे. चोरिसांना, म्हणजे गोव्याच्या झणझणीत डुकराच्या सॉसेजना, पर्याय म्हणून मात्र कोत्तो वापरू नये. व्हिनेगर-मिरचीपुढे त्याची सौम्य चव कुठल्या कुठे जाते, पैसे तेवढे फुकट.

शंभर ग्रॅम कोत्तोमध्ये प्रथिने साधारण २० ग्रॅम, पण मीठही २ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले. म्हणून मुलांच्या रोजच्या डब्यात ते नको.

कापावर तेलासारखी हिरवट-मोरपंखी चमक दिसली म्हणून फेकू नये. स्नायूंच्या आडव्या कापावर उजेड पडला की तसे दिसते. बोटाला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर टाकावे. पाकीट फोडल्यावर ४ अंशांखाली ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे. बराच वेळ वीज गेली असेल तर तेवढाही भरवसा नाही.

दुकानदारांनी सुट्या कापांच्या पुडीवर कोत्तो की क्रूदो, कोणती प्रत आणि मूळ तुकडा कधी फोडला, हे लिहून द्यावे. अन्न व औषध प्रशासनानेही तसा आग्रह धरावा. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो. म्हणून गरोदर बाईने कोत्तोसुद्धा वाफा येईपर्यंत गरम करूनच खायला हवे आणि पुडीवर तारीख नसेल तर घेऊच नये.

– एक पाकशास्त्र प्रशिक्षक, मडगाव