रॅम न विकल्याबद्दल आभार

नागपूरच्या बर्डीवर जुने संगणक दुरुस्त करणारे भाऊ,

सप्रेम नमस्कार.

गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना ‘आधी मशीन उघडा, मग रॅम घ्या’ म्हणणारा दुकानदार विरळाच. वाचनालयाच्या जुन्या संगणकांबाबत तुम्ही तेच म्हणालात, म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं सांगणं इतरांच्याही कामी पडावं, यासाठी तपशील जसाच्या तसा देतो आहोत.

बाकीचे ‘किती जीबी?’ विचारतात, तुम्ही रॅमच्या पट्टीवरच्या, म्हणजे स्टिकवरच्या, काळ्या चिप मोजायला लावल्या. जी-४१ या इंटेलच्या जुन्या चिपसेटच्या (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या मुख्य चिपच्या) मदरबोर्डाची कमाल मर्यादा ८ जीबी, म्हणजे दोन स्लॉटमध्ये ४-४ जीबी. पण ४ जीबीची स्टिक दोन तऱ्हेने बनते: २ गिगाबिटच्या १६ चिप लावून, किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिप लावून. आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी, त्यामुळे बेरीज सारखीच, पण जी-४१ ला ४ गिगाबिटची चिप ओळखताच येत नाही. म्हणून आजची पातळ, एकाच बाजूला चिप असलेली स्टिक लावली की स्क्रीन काळी राहते नाहीतर मशीन बीप-बीप करत बसते, आणि खापर बिचाऱ्या बोर्डावर फुटतं. एच-६१ या त्यानंतरच्या चिपसेटवर हाच खेळ एक पायरी वर चालतो. तिथे ८ जीबीची स्टिक चालते, पण ४ गिगाबिटच्या १६ चिपवाली. ८ गिगाबिटच्या ८ चिपवाली चालत नाही.

आणि नुसतं १६ मोजून भागत नाही, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं. ‘फक्त एएमडीसाठी’ (इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या प्रोसेसरसाठी) म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या स्टिकवरही १६ चिप असतात. फरक चिपच्या नंबरात असतो. हायनिक्स कंपनीच्या चिपवर ‘२जी८३’ (2G83) असेल तर ती आठ-बिटी, म्हणजे एका वेळी आठ बिट देणारी, इंटेलला चालणारी. ‘२जी४३’ (2G43) असेल तर चार-बिटी, म्हणजे इंटेलच्या साध्या डेस्कटॉपवर पैसे पाण्यात. सर्व्हरमधून काढलेल्या स्टिकचंही तसंच. २४० पिनांच्या असल्याने त्या स्लॉटमध्ये आरामात बसतात, पण लेबलवर ‘१२८००’ या वेगाच्या आकड्यापुढे ‘आर’ (R, सर्व्हरची रॅम) दिसला की परत ठेवायची. आपल्याला ‘यू’ (U, साध्या डेस्कटॉपची) हवा.

लॅपटॉपबद्दल एवढंच: चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला १.३५ व्होल्टची, म्हणजे लेबलवर ‘पीसी३एल’ (PC3L) लिहिलेली रॅम लागते. १.५ व्होल्टची जुनी लावू नये.

बोर्ड किती रॅम घेईल हे पाहायला जुन्या विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘wmic memphysical get maxcapacity’ टाकून मिळणारा आकडा केबीत असतो. ८३८८६०८ म्हणजे ८ जीबी. पण तो बायोसचा (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमचा) दावा असतो, त्यावर विसंबून खरेदी करायची नाही, बोर्डाच्या मॅन्युअलमधली यादी पाहायची, ही तुमची ताकीद आता आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

रॅम बसली तरी विंडोज आडवं येतं. ३२-बिट विंडोज ७ मध्ये ८ जीबी लावा की १६, वापरात सव्वातीन जीबीच्या आसपासच येते. ६४-बिट टाकायचं तर नव्यानेच टाकावं लागतं, जुन्यावरून अपग्रेड होत नाही. म्हणजे आधी बॅकअप. आणि विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती असेल तर ६४-बिटमध्येही ८ जीबीच्या वर जात नाही.

बसवण्याची रीत तुम्ही दाखवली तशीच पाळतो. प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबायचं. स्टिकच्या सोनेरी पट्ट्या कोऱ्या खोडरबराने पुसायच्या, भुगा झटकायचा. नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे हवा कोरडी ठक्क, अंगावरच्या स्थिर विजेने चिप जाऊ शकते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. खाच जुळवून दोन्ही टोकं ‘खट्’ होईपर्यंत दाबायची. जोर लावूनही बसत नसेल तर रॅमची पिढी (डीडीआर२, डीडीआर३) चुकली, आणखी दाबायचं नाही. एका वेळी एकच स्टिक, मग दोन्ही, मग रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम. चूक दाखवणारी लाल ओळ एक जरी दिसली, तरी स्टिक स्लॉट बदलून पुन्हा तपासायची.

दोन जी-४१ मशीनना अजून १६ चिपवाल्या, आठ-बिटी चार स्टिक हव्या आहेत. जुन्या मालात आल्या तर बाजूला ठेवा, भाऊ. येताना बोर्डाचा फोटो घेऊनच येऊ.

आपले,
वाचनालयाचे संगणक सांभाळणारे, नागपूर