सोन-कुलच्या घोडेस्वारी सहलीबाबत तक्रार : जखमी घोडा, नसलेला मार्गदर्शक आणि नाकारलेला विमा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : किर्गिझस्तानमधील सोन-कुल सरोवराच्या घोडेस्वारी सहलीतील सेवेची गंभीर त्रुटी, रक्कम परत मिळणे व उपचारखर्चाची भरपाई

संदर्भ : माझ्या नावाची पाच प्रवाशांची नोंदणी आणि त्यावरील आपले दिलगिरीचे ई-पत्र

महोदय,

आपले दिलगिरीचे ई-पत्र आणि पुढच्या सहलीसाठीचे पाच हजार रुपयांचे सवलत कुपन मिळाले. कुपन मी स्वीकारत नाही. आमच्या तक्रारीला आपण त्या पत्रात ‘डोंगराळ भागातील काही गैरसोयी’ म्हटले आहे. गैरसोयींबद्दल आम्ही बोललोच नव्हतो. राजधानी बिश्केकच्या हॉटेलात गरम पाणी नव्हते, शाकाहारी जेवण म्हणून पाव, काकडी आणि टोमॅटो समोर आले, हे परतल्यावर आम्ही कळवलेसुद्धा नाही. परक्या मुलुखात एवढे चालायचेच. माझी तक्रार जखमी घोड्यावर माणूस बसवण्याबद्दल आहे, मार्गदर्शक म्हणून शाळकरी मुलगा पाठवण्याबद्दल आहे आणि माझ्या मेहुण्यांचे हाड मोडल्यावर विमा कंपनीने जे उत्तर दिले त्याबद्दल आहे.

माझी भाची बिश्केकला वैद्यकीय शिक्षण घेते. महाराष्ट्रातली अनेक मुले तिथे शिकतात. त्यांना भेटायला जाणाऱ्या पालकांनी देशही पाहावा, म्हणून आपण ही सहल काढल्याचे आपल्या पत्रकात लिहिले होते. मी, माझी पत्नी, धाकटी बहीण, मेहुणे आणि भाची अशा पाच जणांची नोंदणी मी केली. त्याच पत्रकातली पुढची वाक्ये आपल्याच शब्दांत देतो : ‘पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्यांसाठीही योग्य. इंग्रजी बोलणारा अनुभवी मार्गदर्शक. प्रत्येकाला हेल्मेट. वजन व अनुभव पाहून निवडलेला घोडा. सोबत प्रथमोपचार पेटी.’ घोडेस्वारीच्या तीन दिवसांचे पैसे आपण सहलीच्या मूळ दराव्यतिरिक्त वेगळे घेतले. ते आम्ही दिले ते या वाक्यांवर विसंबून. दऱ्या आणि सरोवर तर पायी जाणाऱ्यालाही दिसतात.

किझार्त गावातून रपेट सुरू व्हायची होती. किलेमचेच्या कुरणांवर पहिला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरच्या वरची खिंड ओलांडून सोन-कुलच्या काठी उतरायचे, असा बेत होता. सरोवरच ३,०१६ मीटर उंचीवर आहे. तिथे झाड म्हणून नाही, चुलीत वाळलेले शेण जाळतात आणि जुलैतही गारा पडतात. हे सारे त्या भागात सहल नेणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. अशा वाटेवर अकरा प्रवाशांसाठी हेल्मेट आली चार, त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला. मार्गदर्शक म्हणून पंधरा वर्षांच्या आसपासचा एक मुलगा आला. त्याला किर्गिझ येत होते आणि थोडेसे रशियन. इंग्रजी अजिबात नाही. भाचीला रुग्णालयात रशियन बोलावे लागते, म्हणून ती नशिबाने दुभाषी झाली. ती नसती तर त्या मुलाशी एक शब्दही बोलता आला नसता. पुण्याहून आमच्यासोबत आलेले आपले प्रतिनिधी स्वतः घोड्यावर बसलेच नाहीत. सामानाची गाडी घेऊन ते कलमाक-आशू खिंडीच्या रस्त्याने सरोवराकडे गेले. प्रथमोपचार पेटी त्याच गाडीत होती.

आता त्या घोड्याबद्दल. मी पशुसंवर्धन विभागातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पुढचे मी जबाबदारीने लिहितो आहे. माझ्या पत्नीसाठी एक तांबूस घोडा पुढे आणला. खोगीर चढवताना तो कान मागे पाडून पाठ खाली दाबत होता. मी तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, सोडायला लावला आणि खोगिराखालचा नमदा उचलला. मानेच्या बुडाशी, जिथे खांद्याचा उंचवटा असतो, तिथे तळहाताएवढी उघडी जखम होती. पू होता, वास येत होता, नमद्याचा केस त्यात चिकटला होता. शेजारी पांढऱ्या केसांचे ठिपके होते, म्हणजे त्याच जागी आधीही जखम होऊन भरून आली होती.

ही जखम एका दिवसात होत नाही. तिथे हाडावर मांस फार थोडे असते. खोगिराचा सांगाडा त्या घोड्याच्या पाठीला बसत नसेल किंवा खालच्या नमद्याला घडी पडली असेल, तर स्वाराचे सगळे वजन एका जागी येते. त्या जागेचे रक्त थांबते आणि कातडी मरते. वरून पावडर टाकून ती बरी होत नाही. खोगीर पूर्ण बंद ठेवून विश्रांती देणे हाच तिच्यावर इलाज आहे. तशा पाठीवर माणूस बसवला की प्रत्येक चढाला आणि उताराला ती जखम नव्याने घासली जाते. वेदनेने घोडा अडतो, उधळतो, मागचे पाय झाडतो. म्हणजे तो घोडा स्वारासाठीही धोक्याचा होतो.

मी तो घोडा नाकारला. आपले प्रतिनिधी तेव्हा निघायच्या तयारीत होते. ते म्हणाले, “इथली पद्धतच तशी आहे, हे लोक जनावराला इतकं जपत नाहीत.” मी आपल्या पुण्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथून उत्तर मिळाले की दुसरा घोडा नाही, बसायचे नसेल तर चालत जा, परतावा मिळणार नाही. मी माझा घोडा पत्नीला दिला आणि त्या जखमी घोड्याचे खोगीर उतरवून त्याला हाती धरून चालत गेलो. माझे वय सत्तरीला टेकले आहे. तीन हजार मीटरच्या वरचा चढ या वयात पायी चढणे काय असते, हे आपल्या कार्यालयात बसून कळणार नाही.

‘इथली पद्धत’ हे विधान खोटे आहे आणि ज्या लोकांच्या नावावर ते खपवले त्यांचा तो अपमान आहे. सरोवराकाठी ज्या कुटुंबाच्या तंबूत, त्यांच्या बोझ-उयमध्ये, आम्ही राहिलो, त्या घरच्या बाईंनी घोड्याची पाठ पाहताच कपाळाला हात लावला. मिठाच्या कोमट पाण्याने त्यांनी जखम स्वतः धुतली. घोडा कोणाचा, कुठल्या गावचा, हे विचारून नवऱ्याला मालकाकडे निरोप पाठवायला सांगितला. परतीसाठी स्वतःच्या कळपातला घोडा त्यांनी दिला आणि त्याचे पैसे घ्यायला तयार झाल्या नाहीत. उन्हाळाभर जाइलूवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, घोड्यांबरोबर राहणारी ही माणसे आहेत. त्यांची पोरे शाळेत जाण्याआधी घोड्यावर मांड घालतात, घोडीच्या दुधाचे आंबवलेले किमिझ त्यांच्या घरात रोज असते. जनावर कसे जपायचे हे त्यांना आपण किंवा मी शिकवण्याची गरज नाही.

मग असा घोडा आमच्यापर्यंत आला कसा? त्या मुलाच्या काकांना भाचीने विचारले. गवतकापणी सुरू असल्याने मोठी माणसे आणि चांगले घोडे गुंतलेले होते. बिश्केकच्या दलालाने आदल्या संध्याकाळी फोन करून अकरा घोडे मागितले, आणि दर असा दिला की जे उभे होते तेच पाठवणे त्यांना परवडले. आम्ही दिलेल्या स्वतंत्र रकमेचा जेमतेम पाचवा हिस्सा त्या गावापर्यंत पोचला. त्या मुलावर किंवा काकांवर माझा राग नाही आणि त्यांच्यावर आपण कारवाई करावी अशी माझी मागणीही नाही. पोराने जमेल ते सगळे केले. त्याला त्या जागी उभे करणारे आपण आहात.

नोंदणीच्या वेळी आपण आमची वजने लिहून घेतली होती. किझार्तमध्ये ती कोणालाच माहीत नव्हती. मेहुण्यांचे वजन ९२ किलो आहे. किर्गिझ घोडे काटक, पण चणीने लहान असतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या आत असावे, असा घोडेस्वारीतला सर्वसाधारण दंडक आहे. आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यात तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त भार टाकायला मनाई आहे. ते नियम किर्गिझस्तानला लागू नाहीत, हे मी जाणतो. पण वजन हा आकडा फॉर्म भरण्यापुरता नसतो, हे समजायला कायद्याची गरज नाही. मेहुण्यांना त्या अकरांतला सर्वांत बुटका घोडा मिळाला होता.

आयुष्यात ते कधीही घोड्यावर बसले नव्हते. लगाम कसा धरायचा, उतारावर अंग मागे कसे ठेवायचे, रिकिबीत पाऊल किती घालायचे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. जेवढे जमले तेवढे मी सांगितले. खिंडीनंतरच्या उतारावर गारा सुरू झाल्या. दिवसभरात पोट आवळून तंग ढिला झाला होता. तो तपासून पुन्हा ओढणे हे वाटाड्याचे पहिले काम, पण एकटा मुलगा अकरा घोड्यांकडे कसा पाहणार? मी मागे घोडा धरून चालत होतो. माझ्या डोळ्यांदेखत खोगीर एका बाजूला फिरले आणि मेहुणे खांद्यावर आपटले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. डोके दगडापासून वीतभर लांब पडले. पाऊल रिकिबीतून सुटले नसते आणि घोडा बिथरला असता, तर हे पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहावे लागले असते.

कॉलरबोन मोडले होते. भाचीने बहिणीच्या ओढणीची झोळी करून हात बांधला. फोनला रेंज नव्हती. मुलगा एकटा घोडा पिटाळत सरोवराकडे गेला आणि आम्ही गारांत बसून राहिलो. अंधार पडता पडता एका मेंढपाळाच्या गाडीतून मेहुण्यांना खाली नेले. आपली गाडी आली ती त्यानंतर, आणि त्यांना खालच्या कोचकोर गावी नेण्याऐवजी सकाळपर्यंत थांबावे, असा आपल्या प्रतिनिधीचा आग्रह होता. कारण इतर प्रवाशांचे सामान त्याच गाडीत होते. बहिणीने तो मानला नाही. त्या रात्री तिने काय सोसले ते मी इथे लिहीत नाही. तिने स्वतंत्र निवेदन लिहिले आहे, ते सोबत जोडले आहे.

बिश्केकमधल्या उपचारांचे बिल आणि इथे परतल्यावर झालेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीकडे मागितला, तेव्हा उत्तर आले की घोडेस्वारी पॉलिसीतून वगळलेली आहे. ही पॉलिसी आम्ही निवडलेली नव्हती. सहलीच्या रकमेतच ती घेणे आपण सक्तीचे केले होते आणि हप्ता आपल्याच खात्यात भरून घेतला. पॉलिसीची प्रत आम्हाला विमानतळावर मिळाली. घोडेस्वारीची सहल विकणाऱ्या कंपनीने घोडेस्वारी वगळणारा विमा प्रवाशांच्या गळ्यात घालावा, हे मला अत्यंत गंभीर वाटते. थोडा जादा हप्ता भरून साहसी प्रकारांचे संरक्षण घेता येते. आपण तसे विचारले असते तर आम्ही आनंदाने भरला असता. आपल्या ई-पत्रात या मुद्द्यावर एक ओळसुद्धा नाही.

‘स्थानिक सेवा पुरवठादाराच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही’ ही अट आपण पुढे केली आहे. आमचा व्यवहार त्या पुरवठादाराशी नव्हता, त्याचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. जाहिरात आपली, पावती आपली, पैसे आपल्या खात्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कबूल केलेल्या सेवेत उणीव राहणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि नसलेल्या सोयी जाहिरातीत दाखवणे ही दिशाभूल आहे.

आमच्या मागण्या अशा : पाचही प्रवाशांकडून घोडेस्वारीसाठी स्वतंत्र घेतलेली संपूर्ण रक्कम परत मिळावी. मेहुण्यांच्या दोन्ही ठिकाणच्या उपचारांचा आणि बदललेल्या विमान तिकिटाचा खर्च सोबतच्या बिलांप्रमाणे द्यावा. त्यांना आणि बहिणीला झालेल्या त्रासाची भरपाई वेगळी ठरवावी. त्या आकड्यावर मी बोलायला तयार आहे, पहिल्या दोन मागण्यांवर नाही. याशिवाय ही सहल पुन्हा नेण्यापूर्वी घोडे कोण देणार, वाटेवर किती प्रौढ आणि जाणते वाटाडे असणार, हेल्मेट किती आणि विमा कोणता, हे प्रवाशांना पैसे भरण्याआधी लेखी कळवण्याची हमी आपण द्यावी. तोवर आपल्या पत्रकातली ‘पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठीही योग्य’ ही ओळ काढून टाकावी. पुढच्या हंगामाची नोंदणी आपण सुरू केल्याचे मी पाहिले आहे आणि ती ओळ अजून तिथेच आहे.

जखमेची छायाचित्रे, तुटलेल्या पट्ट्याचे छायाचित्र, आपले पत्रक, पावत्या, बिले, विमा कंपनीचे नकारपत्र आणि गटातील आणखी चार प्रवाशांची सही केलेली निवेदने सोबत आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून मी सातारा जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथेच दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे त्यासाठी मला पुण्याला यावे लागणार नाही. फोनवर चर्चा करण्याची माझी तयारी नाही. जे सांगायचे ते कागदावर यावे.

कळावे,

आपला,
(सही)
नोंदणीधारक प्रवासी व निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सातारा

सोबत : वर नमूद केलेली कागदपत्रे व छायाचित्रे