शनिवारी निघण्याआधी वाच

चि. बाळूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की माझा हात लागून कट झाला, यावर आईचं आणि माझं दोन दिवस चाललंय. ती म्हणते, तुम्ही ओरडलात म्हणून त्याने ठेवला. ओरडलो, हे खरं आहे. ज्या पोराने परमुलखात खाणीत नोकरी करून स्वतःचं घर केलं, त्याला "ती पेटी आत्ताच्या आत्ता परत कर" असं म्हणायला नको होतं. कागदावर मला ओरडता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. ताई फोटो काढून पाठवेल.

पण शनिवारच्या कायोटीच्या शिकारीसाठी आणलेली ती काडतुसांची पेटी परत करच.

हिरव्या टोकाची ती गोळी मी डोळे मिटून ओळखेन. छत्तीस वर्षं वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्यात तेच केलं. ६२ ग्रेन, म्हणजे चार ग्रॅम वजन. टोकाशी पोलादाचा तुकडा, त्याच्यामागे शिसं, वरून तांब्याचं जॅकेट. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलची गोळीही त्याच घराण्यातली. ती सैन्यासाठी बनते. समोर काही आलं तरी फुटायचं नाही, आरपार जायचं, हेच तिचं काम. कायोटी म्हणजे किती रे, दहा ते पंधरा किलोचं जनावर. आपल्या कोल्ह्याहून थोडं थोराड. त्याच्या बरगड्यांतून ती पातळ भोक पाडून निघून जाईल, जनावर चार-पाचशे मीटर पळेल, कुठल्यातरी घळीत रात्रभर तडफडेल. आणि गोळी? ती तशीच पुढे. जानेवारीत तुमच्याकडची जमीन दगडासारखी गोठलेली असते. पोलादी टोक त्यावर आपटून कुठे उसळेल हे देवालाही सांगता येणार नाही. तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते ती. तुमच्या जिलेट गावाबाहेरचं ते गवताळ रान मोकळं दिसतं, पण त्यात घरं आहेत, मेंढ्या आहेत, मेंढ्यांवरची माणसं आहेत.

शिवाय तुझ्या रायफलच्या नळीवर काय कोरलंय ते तूच फोटोत पाठवलं होतंस: .२२३ रेमिंग्टन, बारा इंचांना एक वेढा. जुन्या बोल्टच्या रायफलींना असेच संथ आटे, म्हणजे नळीच्या आतले गोळी फिरवणारे पीळ, असत. ५५ ग्रेनपर्यंतची गोळी त्यात नीट फिरते. ही पोलादी टोकाची लांब असते, तिला जास्त वेगाने फिरवणारे आटे लागतात. नाहीतर ती हवेत डुगडुगते आणि कागदावर आडवी लागते. आणि ही गोळी ज्यात येते ते ५.५६ चं सैनिकी काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, बसलं तरी घालू नये. आटे सुरू होण्याआधीची मोकळी जागा .२२३ मध्ये कमी असते, दाब वाढतो. बसतं म्हणजे चालतं असं नाही, बाळू. हे मी तुला सायकलच्या नटबोल्टपासून सांगत आलोय.

पुन्हा शिकवायला लागलो. तू इंजिनिअर आहेस, तुला दाब कळतो.

दुसऱ्या फोटोतली लाल प्लॅस्टिकच्या टोकाची ५५ ग्रेनवाली हॉर्नडी कंपनीची गोळी, तीच ठेव. तिचं जॅकेट पातळ असतं. नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला नऊशे ऐंशी मीटरच्या आसपास, आणि आत शिरली की ते लाल टोक मागे दाबलं जाऊन गोळी चिंध्या होते. सगळी शक्ती आतच संपते. बहुतेक वेळा पलीकडून बाहेर येत नाही, म्हणून कातडं विकणारे लोकही हीच निवडतात. जमिनीवर आपटली तरी शक्यतो तुकडे होतात, उसळण्याचा धोका कमी. कमी म्हटलं, नाही म्हटलेलं नाही.

मला हे लिहिताना मनात काहीतरी होतंय. आमच्या टेबलावर फुटकं जॅकेट दिसलं की तो माल बाद. गोळी अखंड राहिली पाहिजे, हेच आयुष्यभर तपासलं. कलकत्त्याजवळच्या दमदमला इंग्रजांनी उघड्या टोकाची, आत गेल्यावर पसरणारी गोळी काढली, तिची इतकी ओरड झाली की १८९९ साली हेगमध्ये लढाईत अशा गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं. नोकरीला लागलो त्या वर्षी एका जुन्या साहेबांनी हे सांगितलं होतं. माणसाच्या बाबतीत जी क्रूर ठरवली, ती जनावराच्या बाबतीत दयेची, कारण ते जागीच मरतं. यावर मी बराच विचार केला आणि मला ते पटलं. आई माळकरी, तिला पटलेलं नाही. तिने एवढंच विचारलं, "कोल्हा खातात का रे तिकडे?" मी सांगितलं, शेजाऱ्याची कोकरं नेतात. मग ती काही बोलली नाही.

पण पातळ जॅकेटची एक खोड आहे. खांद्याच्या जाड हाडावर बसली तर वरच्या वर फुटते, मोठी जखम होते आणि जनावर जिवंत पळतं. म्हणून समोरून घाई नको, ते आडवं होईपर्यंत थांब, खांद्याच्या लगेच मागे. काळजाची जागा तळहाताएवढी. दोनशे यार्डांवर झिरो केलीस, म्हणजे नेम तिथे बरोबर बसवलास, तर शंभरावर गोळी दीड इंच वर लागेल, तीनशेवर सात इंच खाली. आणि तुमचं वायोमिंगचं वारं! ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात दोनशेवर पाच इंच सरकते. म्हणजे तळहात चुकलाच. मी तर म्हणेन दोनशेच्या पुढे मारूच नकोस. शेजाऱ्याच्या .२२-२५० रायफलचा वेग बघून तुला वाटेल आपणही तीच घ्यावी. तिच्या काडतुसात बंदुकीची दारू जास्त, वेग जास्त, नळीही लवकर झिजते. वाऱ्यासाठी .२४३ बरी म्हणतात, तेही खरं. पण सशाचा आवाज काढून तुम्ही जनावराला जवळ बोलावणार, मग लांबचा हव्यास कशाला? जवळून मारलं की निदान त्याच्या मागे काय आहे ते दिसतं.

ते दिसलंच पाहिजे.

शेजारी स्वतः भरलेली काडतुसं तुला देतो म्हणालास. २०१९ ला आम्ही आलो होतो तेव्हा त्याचं गॅरेजमधलं टेबल मी पाहिलंय. स्वच्छ होतं, टेबलावर दारूचा एकच डबा होता, बाकीचे कपाटात. ते बघून मला बरं वाटलं होतं, कारण चुकीची दारू भरणं हाच सगळ्यात मोठा घात. .२२३ची केस त्या दारूने जवळजवळ भरते, चुकून दुप्पट पडली तर बाहेर सांडेल, दिसेल. पण दारू पडलीच नाही आणि काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी, म्हणजे प्रायमर, नुसत्या तिच्या जोरावर गोळी नळीत अडकली, तर पुढचा बार नळी फाडतो. आवाज बारीक आला की थांब, बोल्ट काढ, नळीतून उजेड बघ. आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस घेऊ नकोस. माणूस चांगला आहे, तरी नको. त्याची भरणी त्याच्या रायफलसाठी असते. शिकायचंच असेल तर त्याच्याकडून शिक, पुस्तकातल्या सगळ्यात वरच्या आकड्यापासून दहा टक्के खाली सुरू कर, प्रत्येक बारानंतर प्रायमर चपटा झालाय का बघ. माझा जुना मायक्रोमीटर तुझ्या निळ्या बॅगेत आहे. गेल्या वेळी मीच ठेवला होता, तुला सांगितलं नव्हतं.

तू पाठवलेला तो कागद, शंभर यार्डांवरच्या पाच गोळ्या, दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जातात. मी नाणं ठेवून बघितलं. मग टपरीवर नेला. आमच्यातले तिघेजण रोज सकाळी असतात, त्यांनी आळीपाळीने हातात घेतला. कोणी काही बोललं नाही, चहावाल्याने मात्र माझे पैसे घेतले नाहीत. इतकी वर्षं आम्ही गोळ्या बनवल्या, आमच्या घरातल्या कुणी अशी मारली नव्हती.

आता जे फोनवर सांगायचं होतं आणि त्याऐवजी ओरडलो, ते.

यावलचे मामा तुला आठवतात ते म्हातारपणीचे, ओट्यावर बसलेले. त्यांच्या घरात बंदूक होती हे तुला माहीत नसेल. ठासणीची, रानडुकरांसाठी, परवाना होता. १९७४ ची दिवाळीची सुट्टी, मी बारा वर्षांचा. केळीच्या बागेत डुकरं शिरली होती. मामा पुढे, मी मागे, बॅटरी माझ्या हातात. पानं हलली. मी म्हणालो, "मामा, तिकडे." त्यांनी माझ्या उजेडाकडे बघितलं आणि बार काढला.

तिथे डुक्कर होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. त्या पानांच्या पलीकडे आमचा सालदार पाणी धरायला बसला होता. छर्रे पोटरीत गेले. माणूस वाचला, पण पाय कायमचा लंगडा झाला. मामांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळलं, बंदूक पोलिसांत जमा केली आणि पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही. मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. सालदारानेही नाही. दर दिवाळीला तो मला हाताने जवळ बोलवायचा आणि मी घरात पळून जायचो.

बोट मी दाखवलं होतं. मी बॅटरी पानांवर धरली, पानांच्या मागे धरली नाही.

पुढे वरणगावला नोकरी लागली तेव्हा आजी म्हणाली, नको, दुसरं काहीही कर. मी का गेलो ते मला सांगता येत नाही. प्रत्येक गोळी मोजून, तोलून बघण्यात काहीतरी होतं.

तू शिकारीला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. म्हणायचं होतं, पण तुझा कागद बघितल्यावर म्हणवत नाही. शेजाऱ्याने तुला सोबत नेणं म्हणजे त्या मुलखाने तुला आपलं मानणं आहे, एवढं मला समजतं. फक्त घोडा ओढण्याआधी जनावराच्या मागे टेकाड किंवा मातीचा उतार आहे का बघ. नसेल, मागे आभाळ दिसत असेल, तर जाऊ दे त्याला. पहाटेच्या अंधुक उजेडात मेंढ्यांवरचा कुत्रासुद्धा तसाच दिसतो. अगदी खात्री झाली तरी एकदा मागे बघ. मी हे तीनदा लिहिलं असेन. ताईला सांगितलंय, काही गाळू नकोस.

हातमोजे पातळ घाल, जाड मोज्यात घोड्याचा अंदाज येत नाही. आईने डिंकाचे लाडू केलेत, भुसावळची वहिनी पंधरा तारखेला डेन्व्हरला येतेय, तिच्याकडे देतो.

शनिवारी तुमच्याकडे पहाटेचे सहा म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा. निघताना फोन कर. परत येशील तेव्हा आमची मध्यरात्र झालेली असेल, तरी कर. मी बाहेरच्या खोलीतच असेन.

तुझा,
बाबा