काका, माझ्या गाडीची चासी वाचली ती तुमच्यामुळे

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावून सांगितलंय म्हणून नुसतं काकाच लिहितो, मिरकरवाडा बंदराला ज्यांच्या गाड्या लागतात त्यांना बरोबर कळेल कोण ते. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, पोराला चहा आणायला पाठवता, म्हणून हे उघड पत्र. आणि दुसरं कारण असं की तुम्ही मला जे शिकवलंत ते आमच्या मच्छीच्या धंद्यातल्या प्रत्येक पिकअपवाल्याला कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आमच्या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, चासीने मरतात, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा गंजून.

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला मासा नेणारी गाडी म्हणजे रात्रभर वरून बर्फ वितळत असतो आणि ते खारं पाणी हौद्याच्या फटीतून सरळ लाँग मेंबरवर, म्हणजे चासीच्या दोन लांब उभ्या पट्ट्यांवर. तुम्ही सांगितलंत की समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि ते नुसतं जेवणातलं मीठ नसतं, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं जे हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे गाडी दोन दिवस उन्हात उभी असली तरी सांध्यात ओल राहतेच आणि गंजाचं काम चालूच राहतं. तेव्हा मला कळलं की एकाच वर्षाची, एकाच कंपनीची गाडी कराडच्या भाजीवाल्याकडे धडधाकट आणि आमच्याकडे पापुद्रे सुटलेली का दिसते.

मी ही गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा खालून मस्त काळी कुळकुळीत होती, रबरासारखा जाड कोट मारलेला, बघणाऱ्याला वाटावं काय मेंटेन केलीय. मासेमारीची बंदी लागली, १ जून ते ३१ जुलै, गाडी रिकामीच होती, म्हणून तुमच्याकडे आणली की आता वेळ आहे तर अजून एक हात मारून द्या. दुसऱ्या कुणी पैसे घेऊन संध्याकाळपर्यंत गाडी काळी करून दिली असती. तुम्ही छोटी हातोडी घेतलीत आणि उताणे होऊन गाडीखाली शिरलात, पुढच्या क्रॉस मेंबरपासून, म्हणजे आडव्या पट्टीपासून, मागे मागे ठोकत गेलात, टण टण टण असा आवाज येत होता आणि मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला टांगलेले असतात त्या शॅकलच्या ब्रॅकेटजवळ आला एकदम भद्द. तिथे तुम्ही स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो कोट उचकटलात तर खालून ओला चॉकलेटी भुगा पडला, बशीभर. कोट वरून अख्खाच होता. तुम्ही मला खाली बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलंत की हा कोट कडक झाला की बारीक चीर पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही, आणि गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो म्हणून दोन पत्रे जिथे रिव्हेटने एकत्र आलेत तिथे तो त्यांना आतून फाकवायला लागतो. ते फाकलेलं मी डोळ्यांनी बघितलं. ही गाडी घेऊन मी भरल्या लोडने घाट चढत होतो.

मग तुम्ही म्हणालात, "रंग आता नाय. जुलैत मारलास तर गंजाला गोधडी पांघरल्यासारखं होईल." तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खरं सांगतो, कारण गाडी रिकामी असायचा तेवढाच काळ, सीझन चालू झाल्यावर गाडी उभी ठेवायची म्हणजे रोजचा धंदा बुडणार. पण तुम्ही वही काढून दाखवलंत, माझगावच्या गोदीत जहाजांना रंग देताना तुम्ही जे आयुष्यभर पाळलंत ते, की लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव धरतं त्याच्यापेक्षा, निदान ३ डिग्री जास्त पाहिजे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, नाहीतर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पातळ थर रंगाखाली अडकतो. कोकणातल्या जुलैत हे कुठून मिळणार. तुम्ही दिवाळीनंतरचं सांगितलंत आणि तोपर्यंत फक्त वेल्डिंग करून घ्यायला लावलंत, ते पण वेल्डरला समोर उभं राहून, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, फक्त ब्रॅकेटला पट्टी मार, लाँग मेंबरच्या काठाला भोक पाडायचं नाही की टाका मारायचा नाही. दुसऱ्याच्या गाडीसाठी एवढं कोण उभं राहतं हो पावसात.

दिवाळीनंतर आणली तेव्हा मला वाटलं आता डबा उघडणार. डबा निघालाच नाही. आधी धुणं. समुद्राच्या पाण्याजवळ पण नाही, विहिरीचं गोडं पाणी, प्रेशरने, खालून, आतून, मग सुकवलंत, मग परत धुतलंत. मी विचारलं आता झालं ना स्वच्छ, तर तुम्ही लोखंडावरून बोट फिरवलंत आणि जिभेला लावलंत, म्हणालात "खारट हाय अजून, मार पाणी." मीठ खाली राहिलं तर वरचा रंग कितीही महाग असू दे, ते मीठ रंगातून पाणी ओढून घेतं आणि फोड येतात, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत आणि मी गुपचूप परत पाइप धरला.

खरवडण्याचं काम सगळ्यात लांबलं आणि त्यातच मी सगळ्यात जास्त शिकलो. छिन्नीने पापुद्रे, मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश, जिथे ग्राइंडर जात नाही तिथे हाताने तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर. मास्क लावल्याशिवाय तुम्ही मला ब्रशला हात लावू दिला नाही. तुम्ही म्हणालात जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाच्या खालच्या पहिल्या थरात, शिसं असायचं, झिंक क्रोमेट असायचं, गोदीत आम्ही तोंडाला फडकं बांधून ते घासलं आणि आता जिना चढताना धाप लागते, तू पोरगा आहेस. हे तुम्ही साधं बोलून गेलात पण मला रात्री झोप लागेना. गॅरेजला काम करणाऱ्या सगळ्या पोरांनी हे ऐकायला पाहिजे, आपल्याकडे मास्क लावला की हसतात लोक.

आणि ते हिरड्याचं! गंजलेला नटबोल्ट तुम्ही हिरड्याच्या पूडीच्या पाण्यात टाकलात आणि थोड्या वेळाने तो निळसर काळा पडला. हिरड्यात टॅनिन असतं, ते गंजातल्या लोखंडाशी मिळून काळं घट्ट संयुग होतं, जुन्या काळची काळी शाई पण याच हिशोबाने बनायची, आणि बाजारात रस्ट कन्व्हर्टर म्हणून जे डबे मिळतात त्यातले काही याच तत्त्वावर चालतात तर काही फॉस्फोरिक अ‍ॅसिडवर. चासीला मात्र तुम्ही हिरडा लावला नाहीत, डब्यातलंच वापरलंत, आणि ते पण फक्त जिथे खड्डे पडलेत, ब्रशचं टोक पोचत नाही तिथेच. अ‍ॅसिडवालं असेल तर नंतर धुऊन पूर्ण सुकवायचं, नाहीतर वरचा इपॉक्सी रंग धरत नाही, हे पण तेव्हाच कळलं. माझ्या ओळखीतले लोक कन्व्हर्टर म्हणजे जादू समजून सुटलेल्या पापुद्र्यांवरच फासतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

मग चासीच्या खालच्या अंगाला पाणी जायची जी भोकं असतात ती. मला माहितीच नव्हतं की ती कंपनीने पाणी निघून जायला ठेवलेली असतात, चिखलाने गच्च बुजलेली होती. तुम्ही सायकलच्या स्पोकने एक भोक मोकळं केलंत आणि आतून काळपट पाणी बराच वेळ गळत राहिलं, दिवाळी उलटून गेली होती आणि गाडी आतून पावसाळ्यातच होती. बाहेरून कितीही रंग मारा, आत हे पाणी असलं तर चासी आतून बाहेर सडत येणार. आतल्या पोकळीत तुम्ही शेवटी मेण मारलंत, बारीक लांब नळीने, नळी ओढत ओढत, आणि मेणाने भोकं परत बुजली नाहीत ना ते एकेक करून स्पोकने तपासलंत.

रंगाचं त्यामानाने थोडक्यात झालं. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, बेस आणि हार्डनर, डब्यावर लिहिलंय त्याच मापाने, अंदाजे नाही, आणि लागेल तेवढाच कालवायचा कारण एकदा मिसळला की काही तासांत घट्ट होतो, ऊन असेल तर अजून लवकर. सकाळचं दव उडून लोखंड गरम झाल्यावर सुरुवात आणि तिसऱ्या प्रहराच्या पुढे ब्रश बंद, म्हणजे संध्याकाळच्या दवाच्या आत वरचा थर धरलेला असतो. पण एक गोष्ट मी पहिल्यांदाच बघितली. सगळीकडे रंग मारायच्या आधी तुम्ही छोट्या ब्रशने फक्त कडा, वेल्डिंगचे टाके, रिव्हेटची डोकी आणि नटांचे कोपरे रंगवत बसलात, अर्धा दिवस. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो आणि गंज पहिला तिथूनच शिरतो, म्हणून कडेला आधीच एक थर जास्त द्यायचा. स्ट्राइप कोट म्हणता तुम्ही त्याला. तुमचा हात किती हलका चालत होता, टाक्याच्या खोबणीत ब्रश उभा टेकवून हळूच फिरवायचा, रंग आत जायचा आणि ओघळ एक नाही. मी बघतच राहिलो.

कुठे रंग नको हे पण तुम्हीच टेप लावून दाखवलंत. ब्रेकचे रबरी होज, पाट्याचे बुश, प्रोपेलर शाफ्टचा सरकता भाग, अर्थची वायर जिथे चासीला बसते ती जागा. आणि चासी नंबर! पासिंगला पेन्सिलने छाप घेतात, तो नंबर जाड रंगाखाली गेला तर आरटीओत किती हेलपाटे पडतात ते ज्याला पडलेत त्यालाच माहीत. तिथे तुम्ही नुसतं ग्रीस लावून ठेवलंत. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मारायचं मी विचारलं होतं, सगळेच मारतात म्हणून, तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात, रबर फुगतं, धूळ चिकटते, पहिल्या पावसात धुऊन रस्त्यावर आणि तिथून वहाळात जातं. बरोबरच आहे ते.

रंग झाल्यावर इपॉक्सी पुरता कडक व्हायला सात दिवस लागतात म्हणून तेवढे दिवस मीठ-पाणी अजिबात नाही असं तुम्ही सांगितलंत, आणि धंदा बुडेल म्हणून तुमच्या भाच्याचा टेम्पो मला भाड्याशिवाय दिलात, फक्त डिझेलवर. हे मी विसरणार नाही.

आणि ज्या गोष्टीसाठी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती रंगाची नाहीच. हौद्याच्या तळाला तुम्ही उताराचा पत्र्याचा ट्रे बसवायला लावलात आणि त्यातून पाइप काढून मागे कॅनला जोडलात, आता बर्फाचं पाणी चासीवर पडतच नाही, कॅन भरला की खाली उतरून ओतायचा. तुम्ही म्हणालात चासी तर वाचेलच पण घाटातल्या वळणावर ते बुळबुळीत पाणी सांडून मोटरसायकलवाली पोरं घसरतात ते पण थांबेल. आमच्या धंद्याला त्यासाठी रोज शिव्या पडतात आणि त्या काही खोट्या नाहीत. आता मिरकरवाड्याला आणखी काही जणांनी तसाच ट्रे करून घेतलाय, तुमचंच डिझाइन.

पैशाचं तुम्ही मजुरी आणि सामान सोडून काहीच घेतलं नाहीत, शिकवल्याचे तर नाहीच नाही. परवा आमच्या धाकट्याने पण एक गाडी घ्यायला बघितलीय, त्याला मी आधीच सांगून ठेवलंय की काळा कोट बघून भुलू नको, काकांची हातोडी फिरल्याशिवाय व्यवहार नक्की करायचा नाही. रविवारी ती गाडी घेऊन येतोय, माझी पण सोबत आणतो, गोड्या पाण्याने खालून धुऊनच आणतो, त्या शॅकलच्या ब्रॅकेटजवळ एकदा ठोकून बघा. येताना तुमच्यासाठी चांगले मास्क आणतोय, गॅरेजमधल्या सगळ्या पोरांना पुरतील एवढे.

तुमचा,
मच्छीचा पिकअपवाला